पिंग होत नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल करू नका

विंडोज सर्व्हरवर नेटवर्क लोड बॅलन्सिंग (येणारं काम अनेक सर्व्हरमध्ये वाटणारं फीचर) टाकलं, क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट उभा राहिला, पण दोन्ही सर्व्हर एकमेकांना पिंग होत नाहीत, म्हणजे हाकेला उत्तर देत नाहीत, म्हणून फीचर काढून पुन्हा टाका असा सल्ला एका चर्चेत दिला गेलाय. कृपया थांबा. इन्स्टॉलेशनमध्ये बहुतेक काहीच चुकलेलं नाही.

आधी 'आयपीकॉन्फिग ऑल' ही कमांड चालवून मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख सांगणारा क्रमांक) बघा. तो ०२-बीएफ ने सुरू होत असेल तर क्लस्टर युनिकास्ट मोडमध्ये आहे. या मोडमध्ये सगळ्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांना एकच मॅक मिळतो, मग एकच कार्ड असलेले सर्व्हर एकमेकांशी बोलणार कसे? दुसरं नेटवर्क कार्ड लावा, नाहीतर मल्टिकास्ट मोड घ्या (यात कार्डाचा स्वतःचा मॅक राहतो आणि क्लस्टरचा वेगळा मॅक ०३-बीएफ ने सुरू होतो). मल्टिकास्ट घेतलात तर राउटरवर स्टॅटिक एआरपी नोंद (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, ही हाताने केलेली नोंद) करावी लागू शकते. ती करायची राहिली की त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच भागात) सगळं सुरळीत आणि बाहेरून मात्र क्लस्टर बंद, असं होतं. मी यात अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

सर्व्हरचा आयपी स्टॅटिकच, म्हणजे कायमचा ठरवून दिलेला, हवा.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: सर्व्हर दर सेकंदाला एकमेकांना हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' असा संदेश, पाठवतात, एखाद्याचे ओळीने पाच चुकले की तो सर्व्हर बाद. पण हे फक्त मशीन जिवंत आहे का एवढंच बघतं. आयआयएस (वेबसाइट चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) बंद पडलं तरी त्या सर्व्हरकडे लोक जातच राहतात. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहा, किंवा सरळ एचएप्रॉक्सीसारखं, सेवा खरंच चालू आहे का ते तपासून (हेल्थ चेक) काम वाटणारं सॉफ्टवेअर पुढे ठेवा.