काकांचा बंगला सांभाळायचा, आपलं घर फोडायचं आणि वरून सगळे पाहुणे, कसं जमवायचं? (बडोदा)

जुईचा_वेल

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू. आमचं घर दांडिया बाजारात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, विटा-चुन्याच्या जाड भिंती आणि वर सागवानी तुळया. दोन्ही बाथरूम गळतात, वायरिंग आजेसासऱ्यांच्या वेळचं, ओटा इतका ठेंगणा की पोळ्या लाटून झाल्या की सासूबाईंची कंबर धरते. दरवर्षी पुढच्या वर्षी करू म्हणत ढकलत होतो, यंदा धरलंच. कारण चुलत सासरे आणि काकू लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेलेत, मार्गशीर्षाशिवाय परतणार नाहीत, आणि समा भागातला त्यांचा बंगला आमच्यावर सोपवून गेलेत. म्हणाले तुम्ही तिकडे राहा, घराला जाग राहील आणि तुमचं कामही उरकेल. ऐकायला किती सोपं वाटतं ना!

आता श्रावण चालू आहे आणि परिस्थिती अशी की सकाळी काकूंच्या कुंड्यांना पाणी, मोटर, दूधवाला, मग दांडिया बाजारात साइटवर, मग माझी शाळा, शाळेत असताना कडियाचा म्हणजे गवंड्याचा फोन, "बेन, नळ क्यां मूकवानो?" (नळ कुठे बसवायचा?), संध्याकाळी परत समा. मागची बाथरूम फोडून झालीय, पुढची खोली, देवघर आणि ओटा अजून जसाच्या तसा आहे. सासूबाई बंगल्यात रमत नाहीत, रोज विचारतात आपल्या घरी कधी जायचं.

आणि यात पाहुणे. नणंद पुण्याहून मुलांना घेऊन नवरात्रात येणार म्हणतेय, मुलांना गरबा बघायचाय. मिस्टरांचे कलाभवनचे, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, मित्र सहकुटुंब, तेही नवरात्रातच. माझे आईबाबा इंदूरहून दिवाळीला. गणपती दरवर्षी आमच्याकडेच बसतो, दीड दिवसाचा, त्याचं काय करायचं तेही ठरत नाहीये. मला कोणालाच नाही म्हणायचं नाहीये, खरंच नाही, माणसं आली की मला बरं वाटतं. पण घर काकूंचं आहे आणि आपलं तर उघडं पडलंय. कोणी असं निभावलंय का? आधी काय धरू आणि काय सोडू?

साइटवरचा_माणूस

ताई, मी बडोद्यातच घरांची कामं करतो म्हणून फक्त कामापुरतं बोलतो. आधी ओलं काम आणि कोरडं काम वेगळं करा. फोडाफोडी, पाइप, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी हे सगळं ओलं. पुट्टी, रंग, फर्निचर कोरडं. ओल्या कामाला घाई चालत नाही, प्लास्टरला निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं आणि नंतर ते वाळायला हवं. पाहुणे येणार म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग चढवला तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे येणार म्हणजे येणारच. तुमच्या भिंती चुन्याच्या आहेत म्हणता, तर जिथे जुना गिलावा पडलाय तिथे वर कडक सिमेंट थापू देऊ नका, भिंतीतली ओल आत कोंडते आणि दुसरीकडून फुटते. चुन्याचं काम येणारा माणूस शोधा, थोडा महाग पडेल पण शोधा.

दुसरं म्हणजे आपल्याकडे दिवाळीचं गणित वेगळं. दाहोद-झाबुआकडचे मजूर धनतेरसच्या आधीच गावाला निघतात, दुकानं लाभपाचमेशिवाय (कार्तिक शुद्ध पंचमी) नीट उघडत नाहीत, आणि बरेच मजूर देवदिवाळी, म्हणजे इकडे कार्तिकी पौर्णिमा, करूनच परततात. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात अर्ध्यावर असलेली बाथरूम महिनाभर तशीच राहू शकते. तेव्हा दिवाळीच्या आत एक बाथरूम आणि वायरिंग पूर्ण, एवढंच धरा. ओटा आणि रंग लाभपाचमेनंतर. टाइल मोरबीची असेल तर 10 टक्के जास्तीची आत्ताच घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते उतरवून घेतानाच बघा, नंतर तोच शेड मिळेल याची काही गॅरंटी नसते.

आणि कडियाला रोजच्या रोज फोनवर उत्तरं देत बसू नका हो. भिंतीवरच खडूने लिहा, नळ इथे, गीझर इथे, जमिनीपासून उंची इतकी. गीझरची वायर 4 एमएमची मागा आणि पाइप-वायर बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढा, उद्या खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

विश्वामित्रीकाठ

सगळे बांधकामावर बोलतायत पण मला काळजी बंगल्याची वाटली. समामध्ये नेमका कुठे आहे? 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट असताना पाणी 35 फुटांच्याही वर गेलं होतं, आमच्या सोसायटीत तळमजले बुडाले, मगरी रस्त्यावर आल्या, तीन दिवस लाइट नाही. श्रावण-भाद्रपदात त्या भागात घर सांभाळायचं म्हणजे कुंड्यांना पाणी घालणं नाही. रात्री कोणीतरी त्या घरात हवंच, आणि पाऊस जोरात असला की वरच्या अंगाच्या आजवा धरणाची पातळी आणि काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी दोन्ही बघत राहायचं.

काकांचे कागदपत्र, बँकेच्या फायली, चांदी असेल ती, काकूंना फोन करून विचारा आणि आत्ताच वरच्या मजल्यावर न्या. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर टेबलावर चढवा, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर बघा, लोक हे हमखास विसरतात. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी खालच्या बाथरूमच्या जाळीतून वर येतं, आम्ही स्वतः बघितलंय, आधी बुडबुडे आणि मग काळं पाणी. एक पोतं रेती भरून तयार ठेवा, वेळ आली की जाळीवर दाबायला. आणि ज्या बाथरूम वापरत नाही त्यांच्या जाळीत दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता, जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा बाक, सुकला की गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही घरात.

परदेशी_बडोदेकर

मी दुसऱ्या बाजूने बोलते. आम्ही लेकाकडे गेलो होतो तेव्हा आमचं फतेहगंजचं घर माझ्या दीर-जावेने सांभाळलं होतं. ती रोज बागेचे फोटो पाठवायची, ते छानच, पण मला खरं हवं होतं ते एवढंच की घरात कोण कोण आहे हे मला माहीत असावं. एकदा शेजारणीकडून कळलं की आपल्याकडे पाहुणे उतरलेत. काही नुकसान झालं नाही, माणसंही आपलीच होती, तरी मनाला लागलं ते लागलंच.

तुम्ही काकूंना सरळ व्हिडिओ कॉल करा आणि नावं घेऊन विचारा. नणंद घरचीच, तिला कोण नाही म्हणेल, पण मिस्टरांचे मित्र सहकुटुंब म्हणजे काकूंना ओळखीचीही नाहीत ती माणसं. ओशाळून हो म्हणायला लागेल असं विचारू नका, "मित्रांची सोय आम्ही बाहेर करतोय, चहाला घरी आणलं तर चालेल ना" असं विचारा. काकूंची कपाटं आणि त्यांची झोपायची खोली बंद करून टाका. दोन महिन्यांनी येणारं लाइट बिल कोण भरणार तेही आत्ताच बोलून घ्या, नंतर तो विषय काढायला फार जड जातं.

माहेरवाशीण

मला तुमच्या नणंदेबद्दल लिहायचंय. दांडिया बाजारचं घर तिचं माहेर आहे हो! माझ्या माहेरचं घर ग्वाल्हेरला, भावाने दुरुस्त करून घेतलं, अगदी छान केलं, माझी काहीच तक्रार नाही. पण मी गेले तेव्हा सगळं झालेलं होतं. देवघराचा कोनाडा बुजवून तिथे फ्रिज. मी त्या कोनाड्याच्या खाली बसून परवचा म्हणायचे, काजळीचा डाग होता भिंतीवर समईच्या उंचीएवढा. मला फक्त जायच्या आधी एकदा बघायला मिळायला हवं होतं.

म्हणून मी म्हणते तिला नवरात्रात नको, गणपतीला बोलवा. पुढची खोली आणि देवघर तोवर कोणाला हात लावू देऊ नका, गणपती त्याच जागी बसू दे, मागे काम चालू असलं तर असू दे, दीड दिवस कडियाला सुट्टी द्या. झोपायला सगळे समाला जा. तिला विचारा ताई काय ठेवायचं, काय गेलं तर चालेल. झोपाळा आहे का घरात? त्याच्या पितळी कड्या मिस्त्रीने काढून ठेवल्या की भंगारात गेल्या हे घरच्या माणसाने उभं राहून बघायला लागतं. आणि सासूबाईंना रोज नाही तर एक दिवसाआड तासभर साइटवर खुर्ची टाकून बसवा. त्यांचं घर आहे, त्यांना लांब ठेवून त्यांची काळजी वाटायची कमी होणार नाहीये.

जुईचा_वेल

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच फार आधार वाटला. माहेरवाशीण ताई, तुमचं वाचून मी नणंदेला लगेच फोन लावला. ती आधी गप्पच झाली आणि मग म्हणाली वहिनी मला हेच म्हणायचं होतं पण तुमच्या कामात अडचण नको म्हणून गरब्याचं निमित्त सांगितलं. गणपतीला येतेय. झोपाळा आहे, कड्या आहेत, आणि माजघरातली सासऱ्यांची उंची मोजायची खूण पण आहे दाराच्या चौकटीवर, ती चौकट आता तशीच राहणार, मिस्टरांनीच सांगितलं.

काकूंशी बोलले. त्या म्हणाल्या चहाला काय, जेवायला आण सगळ्यांना, पण मित्रांनी उतरायचं मात्र सयाजीगंजला हॉटेलात हे त्यांनाही बरं वाटलं, मला आवाजावरून कळलं. नवरात्रात खोल्या मिळत नाहीत म्हणून मिस्टर आजच बुकिंग करतायत, मित्रांना एक दिवस पूर्ण देणार, सकाळी कमाटीबाग, मग शेवउसळ, रात्री गरबा, घरी बोलवायचं ते पुढच्या वर्षी नव्या ओट्यावर स्वयंपाक करून. कागदपत्रं वर नेली, बॅटरी खरंच जमिनीवर होती. आईबाबांना मात्र दिवाळीला नको म्हणायला जीव होत नाही, ते समालाच राहतील, दोघंच आहेत आणि काकू त्यांना चांगल्या ओळखतात.

साइटवरच्या दादा, एक विचारायचं राहिलं, मागच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग उद्या होतंय, कडिया म्हणतो परवा लगेच टाइल लावून टाकू, म्हणजे गणपतीच्या आत निकाल. लावू देऊ का?

साइटवरचा_माणूस

नाही ताई, अजिबात नाही. कोटिंग वाळायला डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा द्या, मग नहाणीची जाळी बंद करून बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी तुंबवा आणि 48 तास तसंच ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारा, वर तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीचं छत आणि बाजूची भिंत हाताने चाचपून बघा, डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला गार लागतं. तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे तर नक्की बघा, सागवान असलं तरी तिथेच सडतं. पाणी थोडं उडून जाईल त्याची चिंता नको, पण रेघेपासून बोटभर खाली गेलं असेल तर टाइल लावायची नाही, कडिया कितीही रागावू दे. शेवटचा हप्ता या टेस्टनंतरच द्यायचा हे त्याला उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर सांगाल तर भांडण होतं. गणपतीला ती बाथरूम नाही झाली तर नाही झाली, पुढची वापरात आहे ना, तेवढ्यावर दीड दिवस निघतो.