मदत हवी आहे: झेब्राफिशच्या कंट्रोल (तुलनेसाठीच्या) एम्ब्रियोंतही (भ्रूणांतही) हृदयाभोवती पाणी, पीएच.डी.च्या मुलाखतीत हे चालेल का?

ताळगांवची_मासळी:
एम.एस्सी.चा प्रबंध. हृदयाच्या विकासातलं एक जनुक क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) बिघडवलं, त्यासाठी अंड्यांत टोचलं. ४८ तासांनी मोजले तेव्हा हृदयाभोवती फुगवटा असा: न टोचलेले ६० पैकी १०, नुसतं कॅस९ (कापणारं प्रथिन) टोचलेले ६० पैकी २२, गाइडसकट (कापायची जागा दाखवणाऱ्या आरएनएसकट) ६० पैकी ३१. पुढे याच विषयात पीएच.डी. करायची आहे. हा निकाल दाखवण्यासारखा आहे का? आणि गोव्यातून पुढची वाट कशी?

दोना_पावला:
आज तरी नाही. न टोचलेल्यांतले १० आधी बघा, कारण तिथे जनुकाचा संबंधच नाही. इन्क्युबेटर २८.५ अंशांवर असेल, पण टोचताना डिश टेबलावर किती वेळ असते? मे महिन्यात एसी बंद असेल तर टेबलावर ३३-३४ सहज होतं, आणि ३३ च्या वर एम्ब्रियो बिघडू लागतात. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर डिशशेजारी ठेवा, म्हणजे रात्री वीज गेली होती का तेही सकाळी कळेल. मेलेली अंडी पहिल्या संध्याकाळीच काढा, एक कुजलं की डिशभर बुरशी. ई३ (एम्ब्रियो ठेवायचं खारं द्रावण) नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करू नका: नळाला क्लोरीन, आणि जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, आम्लधर्मी. शुद्ध पाण्यात सोडियम क्लोराइड ५, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड ०.३३, मॅग्नेशियम सल्फेट ०.३३ मिलिमोलर.

कॅस९वाले २२ म्हणजे बहुधा थेंब मोठा. मिनरल ऑइलमध्ये सुईतून एक थेंब सोडून सूक्ष्मदर्शकाच्या मायक्रोमीटरने व्यास मोजा. ०.१२ मिमी म्हणजे ०.९ नॅनोलिटर, ०.१५ झाला की १.८. व्यासात जेमतेम पाव वाढ, आकारमान दुप्पट! नजरेच्या अंदाजाने टोचणारे इथेच फसतात.

कुशावती:
त्याहून मोठी अडचण अशी की फुगवटा मोजून हृदयाबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. किडनी, रक्तवाहिन्या, नुसता अशक्तपणा, कशानेही तो येतो. 'सायलेंट हार्ट' हा म्युटंट (जनुक बिघडलेला मासा) बघा: टीएनएनटी२ए हे हृदयाच्या आकुंचनाला लागणारं जनुक बिघडल्याने हृदय धडकतच नाही, तरी एम्ब्रियो काही दिवस जगतो, कारण एवढ्याशा देहाला ऑक्सिजन त्वचेतून पुरतो. फुगवटा तिथे नंतर येतो. उलटही होतं: फुगवटा आधी आला की हृदय ताणून दोरीसारखं बारीक होतं आणि लूप (हृदयाच्या नळीचं वळण) बिघडल्यासारखा दिसतो.

म्हणून फुगवटा दिसायच्या आधी बघा. २४ तासांना हृदयाची नळी धडकायला लागते, ४८ पर्यंत लूप होऊन अलिंद-निलय (हृदयाचे दोन कप्पे) वेगळे ओळखू येतात. मधे ३०, ३६ तासांना पोटाकडून फोटो घ्या. रंगद्रव्य नको असेल तर ते रोखणारं पीटीयू हे रसायन ०.००३ टक्के, २४ तासांच्या आत. ठोके मोजताना सगळ्या डिश एकाच तापमानाला ठेवा. ट्रायकेनने (भूल देणाऱ्या औषधाने) ठोके मंदावतात, त्याऐवजी हालचाल रोखणाऱ्या घट्ट ३ टक्के मिथाइल सेल्युलोजमध्ये ठेवा.

फोटो काढलेल्या प्रत्येक एम्ब्रियोचा डीएनए काढा: ५० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ९५ अंशांवर २० मिनिटं, थंड करून ५ मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस, पीएच ८. पीसीआरने तो तुकडा वाढवा, मग सिक्वेन्सिंगने जनुक खरंच बिघडलं का बघा. त्याच जनुकावर दुसऱ्या जागी बसणारा गाइड तोच दोष देतो का, हे मात्र हवंच.

दोना_पावला:
पीएच.डी.ची वाट म्हणजे प्रवेश परीक्षा: सीएसआयआर-नेट, टीआयएफआरची (मुंबईची संशोधन संस्था) जेजीईईबिल्स किंवा गेट. झेब्राफिशच्या हृदयावर पुण्याच्या आघारकर संस्थेत काम चालतं. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. रुग्णांवर काम करायचं मनात असेल तर आधीच ठरवा: डॉक्टर म्हणून उपचार करायला एमबीबीएस लागतं, एम.एस्सी.वरून जेनेटिक काउन्सेलिंग किंवा निदानाची लॅब. मुलाखतीत जनुक आणि जन्मजात हृदयदोष यांचे संबंध विचारू शकतात: टीबीएक्स५ आणि हॉल्ट-ओराम (हात व हृदयाचा आजार, १९९७), एनकेएक्स२-५ आणि अलिंदाच्या पडद्यातलं छिद्र (१९९८). तुमचा ६० पैकी १० आकडाही विचारतील. तो लपवू नका.

ताळगांवची_मासळी:
टेबलावर ३३.८ निघालं. थेंब ०.१६, म्हणजे २.१ नॅनोलिटर. काचेची नवी सुई ओढून बनवू का?

कुशावती:
सुई ठीक आहे. टोचायच्या यंत्राचं प्रेशर तेच ठेवा, पल्सचा (दाब देण्याचा) वेळ निम्मा करा आणि परत तेलात थेंब मोजा. दर ५०-६० अंड्यांनंतर पुन्हा. टोक झिजलं की थेंब वाढतो.