न्यू जर्सीत मतदार नोंदणी करताना पक्षाच्या रकान्यात काय लिहावे?

पहिलीच_नोंदणी

गेल्या महिन्यात मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि आता मतदार नोंदणीचा अर्ज भरायला घेतला आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख सहज भरली. पक्षाच्या रकान्याशी मात्र अडखळले. पुण्यात असताना कोणाला मत दिले हे मी घरातही कधी बोलले नाही, आणि इथे सरकारी अर्जच विचारतो आहे की तुम्ही डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन की कोणत्याच पक्षाच्या नाही. ठरवायचे म्हणून दोन्ही पक्षांचे २०२४ चे जाहीरनामे वाचले. रिपब्लिकन पक्षाचा २० आश्वासनांचा आणि १६ पानांत आटोपणारा. डेमोक्रॅटिक पक्षाचा कितीतरी पट लांब. कर, स्थलांतर, आरोग्य विमा, गर्भपात, बंदुका असा तक्ता केला, तर तीन मुद्द्यांवर मी एका बाजूला आणि दोन मुद्द्यांवर दुसऱ्या बाजूला निघाले. अशा वेळी तुलना नेमकी कशाची करावी, आणि रकाना कोरा सोडला तर काही बिघडते का?

रारिटनकाठचा

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणजे पहिल्याचे ओझे बरेच हलके होईल. हा रकाना भरल्याने आपल्याकडच्या अर्थाने कोणी पक्षाचा सभासद होत नाही. वर्गणी नाही, पक्षादेश नाही, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला मत द्यायला तुम्ही मोकळ्या असता. नोंदणीचा संबंध आहे तो जूनमधल्या प्राथमिक निवडणुकीशी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे जिथे ठरते तिच्याशी. २०२५ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक बाजूला ६ आणि रिपब्लिकन बाजूला ५ जण रिंगणात होते. नोव्हेंबरपर्यंत थांबलेल्या मतदाराला त्यांतले बहुतेक जण मतपत्रिकेवर दिसलेच नाहीत.

आपल्याकडे तिकिटे पक्षश्रेष्ठी वाटतात, इथे मतदार वाटतात, असे म्हणता येईल; पण न्यू जर्सीत तेही कालपरवापर्यंत अर्धेच खरे होते. काउंटीतील पक्षसंघटनेच्या पसंतीचे उमेदवार बहुतेक काउंट्यांत मतपत्रिकेवर एकाच ठळक ओळीत छापले जात आणि बाकीच्यांना कोपरा मिळे. २०२४ मध्ये सिनेटच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणाऱ्या अँडी किम यांच्या दाव्यात केंद्रीय न्यायालयाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीपुरती ही पद्धत रोखली आणि पुढे कायदाही बदलला.

रकाना कोरा सोडलात तरी प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर पक्ष जाहीर करून मत देता येते, मात्र तिथून पुढे तुमची नोंद त्या पक्षाची होते. एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचे असेल तर प्राथमिक निवडणुकीच्या ५५ दिवस आधीच अर्ज द्यावा लागतो.

तक्तेबहाद्दर

तक्ता करण्याची हौस मलाही आहे, पण जाहीरनाम्यांच्या तक्त्याने मला दोनदा फसवले आहे. मालमत्ता कराचे घ्या. केंद्रीय प्राप्तिकरात मिळणारी राज्य व स्थानिक करांची (मालमत्ता करासह) वजावट १०,००० डॉलरपुरती मर्यादित करणारा २०१७ चा कायदा रिपब्लिकन पक्षाने केला. तरीही न्यू जर्सीच्या ५ रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी ४ जणांनी त्याच्या विरोधात मत दिले, कारण इथल्या घरमालकांना त्याचा चटका बसणार हे त्यांना दिसत होते. २०२५ मध्ये ती मर्यादा काही वर्षांसाठी ४०,००० डॉलरवर नेली, तीही रिपब्लिकन विधेयकातूनच, आणि त्या वेळी डेमोक्रॅटिक सदस्यांची मते विरोधात होती, कारण विधेयकात इतर बरेच काही होते.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे, ग्रीन कार्डासाठीच्या दर देशामागे ७ टक्क्यांच्या मर्यादेचे. ती उठवण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी, म्हणजे दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झाले. सिनेटमध्ये ते रिपब्लिकन माइक ली यांनी मांडले, आणि अडवले रिपब्लिकन रँड पॉल यांनी व पुढे डेमोक्रॅटिक डिक डर्बिन यांनी. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्या स्वरूपात मंजूर केले, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही. ‘स्थलांतर’ या एका रकान्यात हे सगळे कसे बसवणार?

म्हणून तक्त्यात पक्षाऐवजी तुमच्या मतदारसंघातील प्रतिनिधींची मते लिहा, आणि तो विषय वॉशिंग्टनच्या हाती आहे की ट्रेंटनच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, हे शेजारी नोंदवा. गर्भपाताविषयी रिपब्लिकन जाहीरनामा निर्णय राज्यांवर सोपवतो आणि डेमोक्रॅटिक जाहीरनामा केंद्रीय कायदा मागतो. न्यू जर्सीने मात्र २०२२ मध्येच हा हक्क राज्याच्या कायद्यात नोंदवला आहे.

डेट्रॉईटची_थंडी

आमच्या मिशिगनमध्ये हा रकानाच नाही, त्यामुळे तुमची अडचण मला काहीशी मौजेची वाटते. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे स्तंभ असतात, त्यांतल्या एकाच स्तंभात खुणा करायच्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर गेले, ते डेट्रॉईटच्या अशा जागेवरून जिथे नोव्हेंबरची लढत नावापुरती असते. खरी चुरस ९ जणांच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत झाली आणि ती त्यांनी ३० टक्क्यांहून कमी मते घेऊन जिंकली. तुमच्या भागात असेच एकतर्फी चित्र असेल, तर ज्या पक्षाची प्राथमिक निवडणूक निर्णायक आहे, तिथे नाव नोंदवणे मला व्यवहाराचे वाटते.

साधा_मतदार

हा हिशेब मला पटत नाही. न्यू जर्सीत मतदार यादीतील पक्षाची नोंद गुप्त नसते. मत गुप्त असते, नोंद नव्हे. ज्या पक्षाचे विचार आपल्याला रुचत नाहीत त्याच्या नावापुढे आपले नाव केवळ सोय म्हणून लागावे, हे निदान मला तरी जड जाईल.

पहिलीच_नोंदणी

सर्वांचे आभार. तूर्त रकाना कोरा सोडून अर्ज पाठवते आणि तोवर आमच्या प्रतिनिधींची मते तपासते. मतदान टपालाने करण्याचा विचार आहे.

रारिटनकाठचा

मग एक काळजी घ्या. पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला प्राथमिक निवडणुकीची टपाली मतपत्रिका आपोआप येत नाही. त्यासाठी पक्ष जाहीर करण्याचा अर्ज काउंटीकडे आधी पोहोचवावा लागतो. नोव्हेंबरसाठी ही अट नाही.