मदत हवी आहे : रेट सिंड्रोमच्या औषधचाचणीबद्दल

माझी भाची साडेपाच वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत आलेले शब्द हळूहळू गेले, आता दिवसभर हात चोळत असते. जनुकीय तपासणीत एमईसीपी२ या जनुकात दोष निघाला, म्हणजे रेट सिंड्रोम, मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा दुर्मीळ आजार.

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये ट्रोफिनेटाइड या त्यावरच्या औषधाला मान्यता मिळाली, पण त्याने आजार मुळापासून जात नाही. जनुक-उपचाराच्या चाचण्या तिकडे सुरू आहेत, आमची आशा त्यावरच. भारतातल्या चाचण्यांसाठी ताई रोज रात्री सीटीआरआयची (देशातल्या औषधचाचण्यांची सरकारी) ऑनलाइन नोंदवही चाळते.

कुणाचं मूल अशा चाचणीत आहे का? दवाखान्याच्या फेऱ्या किती होतात? आणि प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळणाऱ्या गटात मूल गेलं तर पुढे खरं औषध मिळतं का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी नेमकं कुणाला विचारायचं? कृपया सविस्तर सांगा. ताई फार धास्तावली आहे.