मदत हवी आहे: रिपीटरवरच्या श्रद्धांजली नेटमध्ये एक मिनिट शांतता कशी पाळायची?

आमच्या हॅम रेडिओ क्लबचे एक ज्येष्ठ सदस्य 'सायलेंट की' झाले, म्हणजे वारले. रविवारी दोन मीटर बँडच्या एफएम रिपीटरवर (आमचे सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र) श्रद्धांजली नेट, म्हणजे सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमायचं सत्र, ठेवलं आहे. क्रम ठरलाय: चेक-इन (हजेरी), आठवणी (प्रत्येकी दोन मिनिटं), मग एक मिनिट मौन, त्यांचा कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखचिन्ह) तीनदा पुकारायचा आणि शेवटी मोर्समध्ये एसके, म्हणजे तीन डिट, डा, डिट, डा, मध्ये अंतर न सोडता.

अडतंय मौनापाशी. चाचणीत पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडून थांबलो, तर रिपीटरचं प्रसारण थांबताच कुणीतरी 'फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का?' विचारलं. त्याची चूक नाही, उशिरा आलेल्याला कळणार कसं! मग पीटीटी दाबून नुसता कॅरियर (न बोलता चालू ठेवलेला सिग्नल) ठेवला. रिपीटरचा टाइमआउट (सलग प्रसारणाची मर्यादा) तीन मिनिटांचा, त्यामुळे तो आड आला नाही. पण नेमका मध्येच रिपीटरचा आपोआप जाणारा आयडी (त्याचा स्वतःचा कॉलसाइन) वाजला. शिवाय कोऱ्या कॅरियरमध्ये खोलीतला पंखासुद्धा ऐकू येतो.

सिम्प्लेक्स (रिपीटरविना थेट संपर्क) वापरून पाहिलं. हँडहेल्डवाले निम्मे सदस्य नेट कंट्रोलला (नेट चालवणाऱ्याला) ऐकूच येत नाहीत. आयडी बंद करायचा नाही, तो नियमाचा भाग आहे. रिपीटरची इंटरनेट लिंक त्या वेळेपुरती तोडता येईल. घरची मंडळी फक्त ऐकणार आहेत, बोलणार नाहीत.

आयडी वाजून गेल्यावर लगेच मौन सुरू केलं तर पुढचा दहा मिनिटांनी येईल, हा हिशोब प्रत्यक्षात जुळतो का, की रिपीटरचा कंट्रोलर शेवटच्या ट्रान्समिशननंतर वेगळा आयडीही देतो? आणि मौनात कॅरियर चालू ठेवावा की सोडावा?