टेट्रिसच्या सामन्यात काडीची वाट पाहायची की टी फिरवायचा?

भुसावळचा_भो
आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांशी ऑनलाइन खेळताना एकच खोड दिसते. कडेची एक रांग मोकळी ठेवायची, उभी काडी (चार घरांचा सरळ ठोकळा) आली की चार ओळी एकदम उडवायच्या. दोघांच्या सामन्यात हा महागाचा सौदा आहे. पाट दहा घरं रुंद. चार ओळी म्हणजे 40 घरं, म्हणजे दहा ठोकळे. समोरच्यावर कचरा (त्याच्या पाटावर चढणाऱ्या जादा ओळी) पडतो चार ओळींचा. टी आकाराचा ठोकळा खाचेत फिरवून बसवला (टी-स्पिन), तर दोन ओळींत, पाचच ठोकळ्यांत, तेवढाच कचरा जातो. शेंबडं पोरही सांगेल काय परवडतं ते.

तापीकाठची_ताई
पाच ठोकळ्यांचा हिशेब कागदावरचा आहे, भाऊ. हल्लीच्या टेट्रिसमध्ये सात आकारांचे एकेक असे सात ठोकळे पिशवीतून येतात, सातही संपल्याशिवाय पिशवी पुन्हा भरत नाही. म्हणजे टी सातांत एकदाच. तुमचे पाच झाले सात! शिवाय खाचेवर कड धरावी लागते. हात चुकला की तिच्याखाली भोक राहतं, आणि ते उकरता उकरता समोरचा डोक्यावर बसतो. काडीचं म्हणाल तर दोन काड्यांमध्ये जास्तीत जास्त 12 ठोकळे येतात, आणि एक होल्डमध्ये (नंतरसाठी बाजूला) ठेवता येते. नवख्यानं आधी सपाट रचायला शिकावं.

जुना_कार्ट्रिज
1989च्या निन्टेंडोवरच्या टेट्रिसमध्ये पिशवी नाही, होल्ड नाही, टी फिरवल्याचं बक्षीस नाही. पहिल्याच पातळीवर एका ओळीला 40 गुण, चारला 1200. तिथं काडीच राजा. 2018च्या जागतिक स्पर्धेत 16 वर्षांच्या जोसेफ सेलीनं सात वेळच्या विजेत्या जोनास न्यूबाउरला हरवलं, ते बोटांच्या वेगावर.

भुसावळचा_भो
काका, तिथं समोरच्यावर कचरा जातच नाही. तो खेळ वेगळा शे! ताई, सात तर सात, दहापेक्षा कमीच ना?

तापीकाठची_ताई
कमीच. पण सातांत काडीही येते, ती का फेकता? लागोपाठ टी-स्पिन किंवा चौकडी (चार ओळी एकदम) मारली, मध्ये साधी ओळ उडवली नाही, तर दरवेळी एक ओळ जादा जाते. दोन्ही मिसळून खेळा.

सातपुडा_एक्सप्रेस
आणि मारायचं कधी, ते कोणीच बोलत नाही. समोरून येणारा कचरा आपल्या माऱ्यानं कटतो. तयार चौकडी लगेच फोडू नका, त्याचा मारा यायला लागला की फोडा. उरेल तो त्याच्यावर. उंची मात्र अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका.

भुसावळचा_भो
हे पटलं. बाकीचं आज रात्री ऑनलाइन खोली उघडतो, तिथं खेळून पाहू. लाइट असली तर.