ओटीटीसाठी काढलेला सिनेमा थिएटरच्या सिनेमापेक्षा डावा का?

मधली_रांग
थेट ओटीटीसाठी बनणारा सिनेमा सरासरीने डावाच असतो, आणि खोट कलावंतांत नाही, करारात आहे. कंपनी निर्मितीचा सगळा खर्च देते, वर ठरलेला नफा देते आणि हक्क स्वतःकडे ठेवते. म्हणजे निर्मात्याचे पैसे सिनेमा लोकांपुढे येण्याआधीच पदरात पडलेले. गाजला तरी जास्तीचं काही मिळत नाही, आपटला तरी खिशाला चाट नाही. मग एडिटिंग टेबलावर दहा-बारा मिनिटं कापायला भांडणार कोण? थिएटरच्या सिनेमात वितरक भांडतो, कारण लांबी वाढली की दिवसाचा एक खेळ जातो.
दुसरं दुखणं सुरुवातीचं. तिकीट काढून आलेला माणूस सहसा उठून जात नाही, रिमोटवाला पाचव्या मिनिटाला जातो. म्हणून आधी एक खून किंवा पाठलाग, मग पाटी: 'तीन आठवडे आधी'. पुढचा तासभर नुसती भरताड.

फोकसपुलर
फारच सरसकट बोलताय. तांत्रिक अटी ओटीटीच्याच कडक आहेत. नेटफ्लिक्सला स्वतःच्या कथापटासाठी खरा ४के सेन्सर (आडवे सुमारे चार हजार बिंदू टिपणारा; २के म्हणजे त्याच्या निम्मे) लागतो आणि अंतिम लांबीचा ९० टक्के भाग मान्य यादीतल्या कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला लागतो. थिएटरसाठी अशी काही अट नाही. ३.४के सेन्सरच्या अ‍ॅलेक्सा मिनी कॅमेऱ्यावर चित्रित केलेले, २के मध्ये पूर्ण करून नंतर ४के ला फुगवलेले सिनेमे पडद्यावर बिनबोभाट चालतात. आणि 'रोमा'चं काय करायचं? अ‍ॅलेक्सा ६५ वर चित्रण, २०१८चा सिनेमा, दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्हींची ऑस्कर.

मधली_रांग
'रोमा' नेटफ्लिक्सने काढला नाही, चित्रीकरण झाल्यावर घेतला. अ‍ॅपलने 'कोडा' २०२१च्या सनडान्स महोत्सवातून उचलला, तसाच. विकत घेतलेला माल 'ओरिजिनल'च्या शिक्क्याखाली मिरवतो आणि त्याच्या जोरावर घरच्या मालाची सरासरी वाढते. चित्रीकरणाआधीच नेटफ्लिक्सकडे असलेला सिनेमा हवा तर २०१९चा 'द आयरिशमन' घ्या. दहा ऑस्कर नामांकनं आहेत, नाकारत नाही. पण २०९ मिनिटं! माझा मुद्दा नेमका हाच.

तिसरा_खेळ
उलटंही होतं की. विकत घेतलेल्यांत थिएटरवाल्यांनी टाकून दिलेला गाळही असतो. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये सिनेमा हातातून गेलाय हे लक्षात आलं की प्रसिद्धीचा खर्च वाचवायला तो ओटीटीला विकून मोकळे होतात. तो वाईट निघाला की खापर मात्र ओटीटीवर. शिवाय थिएटरचे पडलेले सिनेमे आठवडाभरात उतरतात आणि विसरले जातात, ओटीटीचे मुखपृष्ठावर तळ ठोकून बसतात. मग सरासरी काढायची कशावर?

मिक्सरूम
अर्ध्या तक्रारी सिनेमाच्या नसून आवाजाच्या असतात. 'संवाद कळत नाहीत, स्फोटाला मात्र दचकायला होतं.' यामागचं कारण असं. थिएटरचं मिक्स (संवाद, संगीत, आवाज यांची अंतिम जुळवणी) पुढच्या प्रत्येक चॅनेलला, म्हणजे स्पीकरच्या स्वतंत्र वाटेला, ८५ डेसिबल संदर्भपातळी धरून होतं, घरी कुणी तेवढ्या आवाजात पाहत नाही. नेटफ्लिक्सला संवादांची सरासरी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) लागते, दोन युनिटं इकडेतिकडे चालतात, आणि शिखर उणे २ डेसिबलच्या वर जाता कामा नये. नेमस्त स्टुडिओ यासाठी जवळच्या स्पीकरवर वेगळं मिक्स करतो. घाई असली की थिएटरचंच मिक्स खाली ओढून पाठवतात. संवाद ठरल्या जागी बसतात, पण कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर तेवढंच राहतं. त्यात टीव्हीला दोनच स्पीकर असले की मधल्या चॅनेलचा संवाद डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये मिसळतो आणि पार्श्वसंगीताखाली दबतो. ऑडिओच्या यादीत ५.१ (सहा चॅनेल) ऐवजी स्टिरिओ (दोन चॅनेल) निवडून पाहा, बराच फरक पडतो.
याबाबतीत थेट ओटीटीसाठी केलेला सिनेमा उलट सरस असतो, कारण त्याचं मिक्स मुळात घरासाठीच झालेलं असतं.

मधली_रांग
आवाजाचं मान्य. चित्राचं काय? थिएटरच्या प्रतीला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा, रंग १२ बिट, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली. ४के स्ट्रीमला साधारण १५ ते २५ मेगाबिट. धुकं किंवा अंधारी भिंत आली की पट्टे दिसायला लागतात.

फोकसपुलर
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. स्ट्रीमचा कोडेक (चित्र दाबून लहान करणारी पद्धत) प्रत्येक फ्रेम नव्याने पाठवत नाही, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. म्हणून एवढ्यात भागतं. गोची ग्रेनची, म्हणजे चित्रातल्या बारीक दाण्यांची, होते, कारण तो दर फ्रेमला बदलतो. एव्ही१ या कोडेकमध्ये ग्रेन आधी पुसून टाकायची आणि पाहताना पुन्हा तयार करायची सोय आहे. आणि काळा रंग पाहायचा तर साधा प्रोजेक्टर पांढऱ्याला जेमतेम ४८ निटपर्यंत (निट हे उजेडाचं एकक) नेतो, त्याचा काळा राखाडीकडे झुकतो. चांगल्या ओलेड टीव्हीवर १००० निटचं ग्रेडिंग (रंग-उजेडाची जुळवणी) त्याहून खोल दिसतं.
तुलना करायच्या आधी टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा, फिल्ममेकर मोड लावा. २४ फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसडतो आणि कितीही महाग सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. लोक तो दोष ओटीटीच्या नावावर लिहितात.

तिसरा_खेळ
सेटिंगने पटकथा सुधारत नाही, पण मोजणी बदलली की फरक पडू शकतो. २०२०च्या सुरुवातीला नेटफ्लिक्स दोन मिनिटं पाहिलं तरी एक दर्शक मोजायचं. तो भडक खून त्याच हिशोबात बसतो. २०२१ला एकूण पाहिलेले तास मोजायला लागले, म्हणजे लांबण लावणाऱ्याचा फायदा. जून २०२३पासून एकूण तास भागिले सिनेमाची लांबी, तेवढे दर्शक.

मधली_रांग
पहिल्या दोन मोजण्यांनी माझी दोन्ही दुखणी तुम्हीच सिद्ध केलीत. आणि तिसरीतही सिनेमा अर्धा टाकून गेलेले दोन जण मिळून एक अख्खा दर्शक धरला जातोच की! तिकीटखिडकीवर दोन अर्ध्या प्रेक्षकांचा एक होत नाही.